मराठी शाळेतल्या विज्ञान शिक्षकाने शिकायला कुठे जावं आणि वर्गात काय न्यावं?

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. एका तुकडीत साठच्या वर मुलं. घरी कुणी पावरी बोलतं, कुणी मावची, कुणी अहिराणी, आणि शाळेत सगळ्यांसमोर प्रमाण मराठीतलं पाठ्यपुस्तक येतं.

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी 40 गुणांचे, आणि वर 20 गुण प्रात्यक्षिक-अंतर्गत मूल्यमापनाचे. हे 20 गुण मुलं प्रयोगवही उतरवून मिळवतात, प्रयोग करून नाही. ही स्थिती मला बदलायची आहे.

माझे प्रश्न दोन.

एक, माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या शिक्षकाला स्वतःचा विषय खोलात शिकायला कुठे वाव आहे? वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि निवडश्रेणीचं प्रशिक्षण मला माहीत आहे, ते नियमाने होईलच. मी म्हणतोय ते खरोखर नवं काही शिकण्याबद्दल.

दोन, साठ मुलांच्या वर्गात परवडेल आणि मराठीत उपलब्ध असेल असं काय वापरता येईल? आमच्या शाळेत इंटरनेट कधी असतं, कधी नसतं.

मुलांची भूक मोठी आहे. ती मला रोज दिसते, म्हणून हा धागा काढतोय.

प्रयोगवही

सर, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी पुण्यातल्या शाळेतून निवृत्त झालेय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे उद्यापासूनच काहीतरी करता येतं.

साठ मुलं म्हणजे पाच-पाच जणांचे बारा गट. शिक्षकाने टेबलावर एकच प्रयोग करायचा आणि साठ जणांनी माना उंचावून बघायचा, हा प्रकार बंद करा. बारा संच बनतील असेच प्रयोग निवडा. आधी शाळेकडे पैसे मागायची गरज नाही.

दहावीचा 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा घ्या. शाळेत बारा बहिर्गोल भिंगं नसतील, पण गावात चाळिशीचे जुने चष्मे नक्की असतात. मुलांना घरून, शेजारून आणायला सांगा. वर्गाची एक खिडकी उघडी ठेवायची, समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावायचा आणि बाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा स्पष्ट दिसेपर्यंत चष्मा पुढेमागे करायचा. भिंग आणि कागद यांतलं अंतर मोजलं की ते नाभीय अंतर. ते सेंटीमीटरमध्ये घेऊन 100 ला त्याने भागा, म्हणजे भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मिळते. 50 सेमी आलं तर चष्म्याचा नंबर +2, 40 सेमी आलं तर +2.5. आजीचा नंबर स्वतः काढला की मुलं ते सूत्र विसरत नाहीत. बायफोकल चष्मा आला तर त्यात दोन वेगळ्या शक्ती असतात, तो हुशार गटाकडे द्या. आणि सूर्याकडे भिंग धरायचं नाही, हे सुरुवातीलाच बजावून सांगा.

आम्ल-आम्लारीसाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून दर्शक बनवा. आम्लात तो गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. हळदीचा कागद आम्लारीत लालसर होतो, पण आम्लात काहीच दाखवत नाही. 'असं का?' हा प्रश्न वर्गावर सोडून द्या. लिंबू, चिंच, ताक, खायचा सोडा, साबण, चुन्याची निवळी एवढ्यात तास भरतो.

'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी जमवा. मोटारीला सेल जोडला की ती फिरते हे सगळ्यांना माहीत असतं. सेल काढून एलईडी जोडायचा, मोटारीच्या दांड्याला दोरा गुंडाळायचा आणि झटक्याने ओढायचा. एलईडी लुकलुकतो. नाही लुकलुकला तर तारा उलट जोडून बघायच्या. मोटार आणि जनित्र यांत बांधणीच्या दृष्टीने फारसा फरक नाही, हे वेगळं सांगावंच लागत नाही.

असे शेकडो प्रयोग अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठीतले व्हिडिओही आहेत. गुप्ता 1978 मध्ये नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीच्या काड्या यांपासून आकृत्या बनवायची युक्ती त्यांनी तिथे काढली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. होशंगाबादचा तो कार्यक्रम 1972 मध्ये खेड्यांतल्या शाळांसाठीच सुरू झाला होता, म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच.

विदा_वाहक

सगळं वाचून आनंद झाला, पण एक सांगतो. ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, यातून वेळ उरतो कुठे? सप्टेंबरपर्यंत निम्मा पाठ्यक्रम संपवायचा असतो. बारा गटांचा प्रयोग मांडणं आणि आवरणं यातच तास जातो. मुख्याध्यापक विचारतात, धडा कुठपर्यंत आला? शिक्षकाच्या अंगावर आणखी एक उत्साह टाकण्याआधी याचाही विचार व्हावा.

प्रयोगवही

तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ही अशैक्षणिक कामं कमी व्हायलाच हवीत, आणि त्यासाठी संघटनांनी भांडायला हवं. पण प्रत्येक धड्याला प्रयोग करा, असं मी म्हणतच नाही. सत्रात चार प्रयोग बारा गटांनी नीट केले तरी 20 गुण खरे होतात. बाकी धडे नेहमीसारखे शिकवा. मांडणी-आवरणी मुलांच्याच गटप्रमुखांकडे द्या. एका चपलेच्या खोक्यात एक संच, खोक्यावर यादी, आणि यादीप्रमाणे परत भरल्याशिवाय खोका जमा होत नाही.

परिचर_दादा

मी प्रयोगशाळा सहायक आहे. सर, तुमच्या कपाटात सूक्ष्मदर्शक असेल तर तो मोडका आहे असं लगेच ठरवू नका. बरेचदा भिंगावर बुरशी नाहीतर धूळ असते आणि आरसा सैल झालेला असतो. मऊ सुती कापड आणि भिंग साफ करायचं द्रावण घेऊन हलक्या हाताने पुसा, जोर लावू नका. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जुन्या आम्लाच्या बाटलीवरचं लेबल गेलं असेल तर ती वापरू नका. आणि सौम्य करताना आम्ल पाण्यात थोडं थोडं घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

आणखी एक. तालुका-जिल्हा-राज्य विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांचा आणि प्रयोगशाळा सहायक-परिचरांचाही वेगळा गट असतो. फार थोडे जण त्यात उतरतात. आमच्यासारख्यांना आपलं काम दाखवायची तेवढीच एक जागा आहे, ती सोडू नये.

खाडीकाठ

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा भाग 1974 मध्ये सुरू झाला आणि सुरुवातीच्या काळातलं त्यांचं महत्त्वाचं काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत झालं, म्हणजे तुमच्या खानदेशातच. मराठी माध्यमातली, ग्रामीण भागातली मुलं विज्ञानात कुठे अडतात, याचा अभ्यास त्या लोकांनी तेव्हापासून केलेला आहे.

आज तिथे शिक्षकाच्या कामाचं काय आहे? 'विज्ञान प्रतिभा' उपक्रमातल्या कृती पाहा. धड्याला जोडून, पण धड्याच्या थोड्या पलीकडे नेणाऱ्या अशा त्या असतात आणि शिक्षकांच्या कार्यशाळांत त्या स्वतः करून बघता येतात. जीवशास्त्राची आवड असेल तर त्यांच्या 'क्यूब' गटात फळमाशी, गांडूळ, डॅफ्निया अशा साध्या सजीवांवर मुलं-शिक्षक मिळून प्रयोग करतात. केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवला की फळमाश्या आपोआप येतात, महागडं काही लागत नाही. राष्ट्रीय विज्ञान ऑलिम्पियाडचं केंद्रही हेच, आणि त्याला जोडून शिक्षकांसाठी शिबिरं होतात. प्रश्न कसा रचावा हे शिकायला त्यासारखी जागा नाही. पदव्युत्तर शिक्षण झालं असेल तर विज्ञान शिक्षणात पीएच.डी. तिथे करता येते.

एक मत मांडतो. सहावी आणि नववीसाठी होणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची आहे, भाभा केंद्राची नाही. अनेकांची इथे गल्लत होते. तिच्या लेखी परीक्षेभोवती शिकवण्यांचा बाजार उभा राहिला, पण तिच्यातला कृतिसंशोधन प्रकल्प खरोखर चांगला आहे. तुमच्या शाळेतून कुणी परीक्षेला बसो न बसो, तसा प्रकल्प नववीच्या प्रत्येक गटाकडून करून घ्या.

महू_फुलं

मी आश्रमशाळेत शिकवते. सर, घरची भाषा वेगळी असणं ही अडचण तर आहेच, पण तिच्याकडे साधन म्हणूनही बघता येतं. वनस्पतींचं वर्गीकरण शिकवताना मी मुलांना घरून रानभाज्यांची नावं त्यांच्या बोलीत लिहून आणायला सांगते. मग पानांची मांडणी, शिरा, खोड, फूल बघून आम्ही गट पाडतो. त्यांची आई ज्या भाज्या एकाच प्रकारच्या समजते, त्या पुष्कळदा खरंच एका कुळातल्या निघतात. पुस्तकातले शब्द त्यानंतर येतात आणि जड वाटत नाहीत.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी हेच काम पुढे नेता येतं. 1993 पासून ती भरते. 10 ते 17 वयाची मुलं भाग घेऊ शकतात आणि प्रश्न आपल्या परिसरातलाच असावा लागतो. मार्गदर्शक शिक्षकालाही त्यात माहिती कशी गोळा करायची, नोंदी कशा ठेवायच्या, निष्कर्ष काढताना कुठे थांबायचं हे शिकायला मिळतं. माझं खरं प्रशिक्षण तिथेच झालं असं मी मानते.

इन्स्पायर-मानक या मुलांच्या नवकल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेसाठीही नामांकन कराच. शाळेला मुलांच्या कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात. फक्त शहरातल्या दुकानातून तयार मॉडेलचा नकाशा आणून पाठवू नका. आमच्या मुलांच्या घरातल्या अडचणी हाच कल्पनांचा साठा आहे.

रंकाळा

कोल्हापूरहून लिहितोय. इंटरनेटच्या अडचणीवर उपाय आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातली आभासी प्रात्यक्षिकं मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत मंडल जुळणी, लंबक, अणूची रचना हे मी जुन्या संगणकावर चालवतो. पण क्रम असा ठेवतो की सेल-तार-दिवा आधी हातात, पडद्यावरचं मंडल नंतर. उलट केलं तर मुलं पडद्याला खेळ समजतात. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतात, त्यातलं साहित्य कमी-अधिक दर्जाचं आहे, स्वतः आधी बघूनच वापरा.

खगोलवेडी

पुण्याकडचं सांगते. आयसर पुणे ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था राज्य सरकारच्या साथीने 'आयराइज' हा उपक्रम चालवते. त्यात निवडक शिक्षकांना संशोधकांबरोबर बसवून प्रशिक्षण देतात आणि तेच शिक्षक पुढे आपापल्या जिल्ह्यात इतरांना शिकवतात. तुमच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत (डाएट) विचारा, नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून शिक्षक जायलाच हवेत. आयुकात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेचं खगोलशिक्षणाचं भारतातलं केंद्र आहे, शिक्षकांसाठी त्यांच्या कार्यशाळा असतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सर्वांसाठी खुली असते आणि शाळांचं प्रदर्शनही भरतं. 45 मीटर व्यासाची एकेक अँटेना, अशा 30. मुलांना एकदा तरी तिथे उभं करा.

शून्य सावली दिवसाबद्दल, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसाबद्दल, मात्र मला खंत आहे. दरवर्षी पोस्टर फिरतात, पण महाराष्ट्रात तो येतो मे महिन्यात, सुट्टीत, आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांत. शाळेच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा सावलीवरून पृथ्वीचा परीघ मोजा. एकाच रेखावृत्तावरच्या दोन शाळा हव्यात, एवढंच.

रंकाळा

मॅडम, आत्ताच नकाशा काढून बघितला. कोल्हापूर 16.7 अंश उत्तर, नंदुरबार 21.4 अंश उत्तर, आणि रेखांश दोन्हीचे 74.2 च्या आसपास! सातपुडा सर, आपण दोघं करूया का? 21 मार्चला?

सातपुडा_पायथा

करूया! फक्त मार्चमध्ये आमच्याकडे उन्हामुळे शाळा सकाळची होते, बाराच्या आत सुटते. शिवाय तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा.

खगोलवेडी

21 मार्चची गरजच नाही. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो म्हणून सावलीच्या कोनावरून (काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची रेषा काठीशी करते तो कोन) थेट अक्षांश मिळतो, एवढाच फायदा. तुम्हाला हवा आहे दोन गावांच्या कोनांतला फरक, आणि तो वर्षातल्या कोणत्याही एकाच दिवशी तेवढाच येतो, फक्त दोन्हीकडे सावली उत्तरेला पडायला हवी. संक्रांतीनंतरचा आठवडा घ्या. आकाश निरभ्र, शाळा पूर्णवेळ, दहावीही वर्गात. 1 मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली तेव्हा नंदुरबारला साधारण 92 सेमी आणि कोल्हापूरला 78 सेमी येईल. हे आकडे मुलांना आधी सांगू नका.

काळजी कशाची घ्यायची ते लिहून ठेवते.

भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे, तुम्ही बरेच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य सगळ्यात उंच यायला जानेवारीच्या मध्यात 12 वाजून 40 मिनिटं होऊन जातात. सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा, सगळ्यात आखूड सावली ती माध्यान्हीची. काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि जमीन पाणसळीने तपासा.

सावलीचं टोक पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, आकाशात जवळपास अर्धा अंश रुंद आहे. काठीच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून त्याला बारीक भोक पाडा. जमिनीवर उजेडाचा छोटा ठिपका पडतो, त्याच्या मध्यापर्यंत मोजा, आणि काठीची उंची भोकापर्यंतची धरा. हे महत्त्वाचं आहे, कारण मोजण्यात 1 सेमी चुकला तर कोन साधारण एक तृतीयांश अंशाने बदलतो, आणि तुमचा एकूण फरकच 4.7 अंशांचा आहे.

दोन गावांतलं अंतर भिंतीवरच्या नकाशावरून पट्टीने आणि प्रमाणाने काढा. रस्त्याचे किलोमीटर चालणार नाहीत. अक्षांशावरूनही काढू नका, कारण त्यात पृथ्वीचा परीघ आधीच गृहीत धरलेला असतो. नकाशावरून 520 किमीच्या आसपास यावं. मग 360 ला कोनांच्या फरकाने भागा आणि अंतराने गुणा.

विदा_वाहक

यात माझी शाळा चालेल का? आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे, रेखांश 74 च्या जवळच. तिसरा बिंदू मिळाला तर मुलांना आलेखच काढता येईल, एका अक्षावर अंतर, दुसऱ्यावर कोन. नववीला रेषीय समीकरणं असतातच. मुख्याध्यापकांना मी गणिताचा तास म्हणून सांगेन.

खगोलवेडी

चालेल काय, हवीच! दोन बिंदूंतून रेषा कशीही जाते, तिसरा त्यावर पडला की मग खात्री.

लेमन_लेक

जिनिव्हाजवळ राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात जगभरच्या माध्यमिक शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा कार्यक्रम असतो. जानेवारी 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. व्याख्यानं इंग्रजीत असतात, तेवढी तयारी लागेल. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीमध्येही माध्यमिक शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम राहिलेला आहे, विज्ञान शिक्षकही त्यात बसतात. सध्याची जाहिरात, मुदत आणि खर्चाचे नियम बघूनच अर्ज करा.

अशा अर्जांत 'तुम्ही वर्गात काय केलं' हा प्रश्न असतोच. तिथे प्रमाणपत्रांची यादी देण्यापेक्षा तुमच्या तीन शाळांचा सावलीचा प्रयोग लिहिलेला असेल तर वाचणारा थांबून वाचेल. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कामावर, हे लक्षात ठेवा.

खाडीकाठ

देशातही लिहायला जागा आहेत. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा आहे. 'शैक्षणिक संदर्भ' द्वैमासिक आहे, मराठी विज्ञान परिषदेची 'पत्रिका' आहे. भौतिकशास्त्र शिक्षकांची आयएपीटी ही संघटना 1984 पासून आहे, तिच्या अन्वेषिका केंद्रांत साध्या साहित्याचे प्रयोग शिकवतात. नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा, चुकलेली मोजमापंसुद्धा. ती खोडू नका.

सातपुडा_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नववीच्या वर्गात विचारलं, पृथ्वी मोजायची का? एका मुलीने लगेच विचारलं, कोल्हापूरच्या मुलांनी चुकीचं मोजलं तर काय करायचं? मी म्हटलं, आपणही चुकू शकतो, म्हणून तिन्ही शाळा तीन दिवस मोजतील आणि कुणी कुणाला आकडे आधी सांगणार नाही.

रंकाळा सर, विदा सर, संक्रांतीनंतरचे सोमवार, मंगळवार, बुधवार धरूया. काठी 1 मीटर, टोकाला भोकाचा पुठ्ठा, वेळ सव्वाबारा ते एक. बुधवारी संध्याकाळी तिघांनी आपले तक्ते याच धाग्यावर टाकायचे. ढग आले तर गुरुवार-शुक्रवार राखीव. आमच्याकडे पाणसळ नाही, पण एका विद्यार्थ्याचे वडील गवंडी आहेत, ते स्वतः येऊन ओटा तपासून देणार आहेत.

चाळिशीचे चष्मे कालपासून जमा होतायत. त्यातले दोन बायफोकल निघाले.

रंकाळा

सोमवार ते बुधवार पक्कं. आमच्याकडे शाळेच्या गच्चीवर सावलीला अडथळा नाही. तक्त्याचा नमुना आज रात्री टाकतो: वेळ, सावलीची लांबी, मोजणाऱ्याचं नाव, शेरा.

विदा_वाहक

मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. ते स्वतः भूगोलाचे आहेत, सावली मोजायला येतो म्हणाले.